खुब्यातलं शिसं

माय,

माझ्या डाव्या खुब्यातला गोळा काढून टाकला. मांडीच्या हाडाचं वरचं टोक असतं ना, कमरेच्या खोबणीत फिरणारं, तेच. त्या जागी आता धातूचा गोळा आणि धातूचीच दांडी बसवली आहे. घरात मी काठीशिवाय चालते, जिना उतरायचा असला की काठी घेते. मांडी घालून बसायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली आहे, म्हणून शाळेच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून खुर्चीत बसून हे लिहिते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज ऐकायचा तर मला आधी तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं. तरी या वर्षभरात मी तुझ्याशी जेवढं बोलले तेवढं तू होतीस तेव्हाही बोलले नसेन. बोलले म्हणजे मनातल्या मनात भांडले. ते भांडण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

दुखायला लागून दोन वर्षं होत आली. शाळेचा जिना चढताना जांघेत कळ यायची आणि गुडघ्यापर्यंत उतरायची. उभं राहून शिकवण्यात आयुष्य गेलं, त्याचंच हे, असं मी धरून चालले. तुझे जावई म्हणाले, चप्पल बदल. चप्पल बदलली. मग एका संध्याकाळी बसच्या स्टेशनात काचेच्या दाराकडे चालत जाताना समोरून एक बाई येताना दिसली. प्रत्येक पावलाला डावीकडे झुकणारी, झुकल्यावर क्षणभर थांबून स्वतःला वर ओढणारी. ती मीच होते, काचेत. पण ते चालणं माझं नव्हतं, तुझं होतं. उधन्याच्या गल्लीतून पाण्याची कळशी घेऊन तू अशीच यायचीस. कुणी विचारलं तर म्हणायचीस, “मना पायले काही नही व्हयेल, चमक भरनी.” ती चमक तुझ्या पायात शेवटपर्यंत भरलेलीच राहिली. कुणी वात म्हणालं, कुणी शेक सांगितला, कुणी तेल. तुझ्या खुब्याचा फोटो काढावा असं कुणाच्या मनात आलं नाही, तुझ्याही नाही. बस आली आणि गेली, मी तिथंच उभी राहिले. मला तेव्हाच भीती वाटली, आणि ती भीती निव्वळ पायाची नव्हती.

डॉक्टरांनी फोटो काढले, मग मोठ्या यंत्रात घालून आणखी काढले. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आहे, आतलं हाड मेलं आहे आणि वरून खचत चाललं आहे, असं त्यांनी सांगितलं. दारू, स्टिरॉइडची औषधं, जुना मार, सगळं विचारून झालं. मी सगळ्याला नाही म्हटलं. आईलाही असंच होतं, हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्यांचा एक जरी एक्सरे असता तर काही बोलता आलं असतं. म्हणजे तुला नेमकं काय झालं होतं ते आता कधीच कळणार नाही. मला हाड बदलायची तारीख मिळाली, उतरायणानंतरची, म्हणजे संक्रांत झाल्यावरची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टर मुलगी माझ्या खाटेशी आली. वऱ्हाडातली होती. माझं आडनाव वाचून मराठीत बोलली, आणि या शहरात दवाखान्यात कुणी आपणहून मराठीत बोललं की मला रडू येतं, तसं तेव्हाही आलं. तिनं खुर्ची ओढून नीट समजावलं. काढलेला गोळा एरवी टाकूनच देतात. तिच्या अभ्यासासाठी ती असे गोळे जमवते, वाळवते, त्यांची राख करते आणि त्या राखेत कोणते धातू किती आहेत ते यंत्रावर मोजते. जस्त, तांबं, लोखंड, शिसं, आणखी दोन-तीन नावं तिनं घेतली. हे सगळं हाडात असतंच, म्हणाली, अगदी कणभर. त्यांचं कमीजास्त होणं आणि खुबा खराब होणं यात काही संबंध आहे का, एवढंच पाहायचं आहे. तुमची हरकत असेल तर राहू द्या, काकू. मी म्हटलं, घ्या. मेलेल्या हाडाचं मला काय करायचं होतं. ती गेल्यावर मात्र तिनं उच्चारलेला एक शब्द माझ्या अंगावर राहिला, आणि भूल देईपर्यंत मी त्याच शब्दाशी खेळत होते. शिसं. तो शब्द मी शाळेत शिकायच्या आधी तुझ्या तोंडून ऐकला होता.

आपली खोली गल्लीच्या टोकाला होती, म्हणून मागे मोकळी जागा मिळाली होती. एक भिंत, तिच्या आत तुझी चूल, तिच्या बाहेर ती चांदी गाळायची भट्टी. पलीकडे लूमच्या कारखान्यांचा खडखडाट, ज्यात बाबा जायचे आणि अर्धे बहिरे होऊन परतायचे. शेट गावोगावच्या जुन्या जरीच्या साड्या विकत घ्यायचा. फाटलेल्या, डाग पडलेल्या, कुणा मेलेल्या बाईच्या. त्यांचे काठ आणि पदर उसवून गठ्ठे तुझ्याकडे यायचे. तू ते लोखंडी घमेल्यात जाळायचीस. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास यायचा, खाली काळी जाळी उरायची, ती धुऊन घ्यायची, मग भट्टीत शिसं वितळवून त्यात ती टाकायची आणि भट्टीला वारा घालणारा हाताचा पंखा फिरवत राहायचं. शिसं सगळा कचरा आपल्यात ओढून घेतं आणि राखेच्या थरात मुरतं, राहते ती चांदी. शेवटी शेवटी त्या लाल थेंबावरची साय फाटायची आणि एकदम पांढरा लखलखाट व्हायचा. तू म्हणायचीस, चांदीनं डोळा उघडला. तेवढं पाहायला मात्र तू मला हाक मारायचीस. मी तुझ्या खांद्यामागे उभी राहून पाहते आहे, तुझ्या मानेवर घाम आहे, पंख्याची खडखड थांबली आहे, आणि तुझ्या तोंडावर असं समाधान आहे की जणू तो डोळा तूच उघडलास.

हे काम तू घरी का आणलंस तेही मला माहीत आहे. तू ते कितीदा सांगितलंस, अभिमानानं. आधी तू शेटच्या वखारीत जायचीस आणि मला शेजारणीकडे टाकून जायचीस. एकदा मी एकटीच तुला शोधत निघाले आणि रेल्वेच्या फाटकापाशी सापडले. त्यानंतर तू शेटपुढे हटून बसलीस, एक तर काम घरी द्या नाही तर मला सोडा. शेट हसून म्हणाला होता, “बेन, तमे घेर बेठा ज करो ने, मने शुं वांधो?” घरी बसूनच करा, मला काय अडचण. त्याला कसली अडचण असणार. दोन दिवसांत मागच्या जागेत भट्टी उभी राहिली, आणि मी तुझ्या नजरेसमोर वाढले. नजरेसमोर म्हणजे धुरात.

टाके काढल्यानंतरच्या दिवसांत लेक माझ्याकडे येऊन राहिली होती. तुझ्या मांडीवर खेळायची ती आता डिंडोलीत नांदते, भरतकामाच्या यंत्रांची डिझाइनं कम्प्युटरवर करते, मैत्रिणींशी गुजरातीत बोलते, नवऱ्याशी हिंदीत आणि माझ्याशी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. तिला पाचवा महिना लागला होता. मी वॉकर धरून खोलीत येरझाऱ्या घालायची आणि ती मागून हात पुढे करून चालायची, मी पडले तर झेलायला. मी तिला ओरडायची, तू नको, तुझ्या पोटाला धक्का लागेल. आम्ही दोघी एकमेकींना जपत त्या एवढ्याशा खोलीत आपटत होतो. ते दिवस चांगले गेले. दुखणं गेलं होतं, आणि दुखणं गेलं की भीतीही गेली असं माणसाला वाटतं.

होळीच्या सुमारास तपासणीला गेले तेव्हा ती डॉक्टर मुलगी मला बाजूच्या खोलीत घेऊन गेली. तिनं माझ्या गोळ्याची राख मोजली होती. जस्त थोडं कमी निघालं, तांबं इतरांसारखंच, पण शिसं तिनं तोवर पाहिलेल्या सगळ्या हाडांपेक्षा जास्त होतं. म्हणून तिनं पुन्हा मोजलं, आणि पुन्हा तेवढंच आलं. तिनं विचारलं, बॅटरीच्या, रंगाच्या कारखान्यात कधी काम केलंय का. मी म्हटलं, मी आयुष्यभर खडू धरला. मग तिनं लहानपणाबद्दल विचारलं, आणि मी जुन्या जरीतून चांदी गाळण्याच्या कामाबद्दल सांगितलं. ती लिहायची थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी विचारलं, यानंच माझा खुबा गेला का? ती म्हणाली, तसं म्हणता येत नाही, काकू. एका हाडावरून काहीच सिद्ध होत नाही. हाड मेल्यानंतर त्यातलं प्रमाणही बदलतं. शिसं दोषी असेल, नाही तर नुसतं तिथं बसलेलं असेल. तिचं हे बोलणं मला पटलं. मला वाटलं, झालं, आता घरी जावं.

तेवढ्यात तिनं सहज विचारलं, तुम्हाला मुलंबाळं किती? मी सांगितलं, एक लेक, आता बाळंत व्हायची आहे. तिचा चेहरा बदलला नाही, पण तिनं पेन खाली ठेवलं. मग हळूहळू सांगितलं की लहानपणी अंगात गेलेलं शिसं हाडात चुन्यासारखं जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. बाई गरोदर राहिली की बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडातून चुना निघतो, आणि चुन्याबरोबर थोडं शिसंही निघू शकतं. पोटात असताना जातं, दुधातून जातं. “घाबरायचं कारण नाही,” ती म्हणाली, “पण ताईंचं रक्त एकदा तपासून घेऊ. आणि त्यांना दूध, नाचणी, कॅल्शियमची गोळी, काही चुकवू देऊ नका.”

बसमध्ये मला जागा मिळाली तरी मी बसले नाही. बसले असते तर रडले असते. तुझ्या हाडातून माझ्यात, माझ्या हाडातून तिच्यात, आणि आता तिच्यातून त्या जिवात ज्याला अजून नावही नाही. मी तुझ्यावर फार रागावले, माय. मेलेल्या माणसावर रागवायला जागाच नसते, तो राग तसाच अंगात फिरत राहतो. मला भट्टीची पुढची वर्षं आठवायला लागली. तू पोट धरून भिंतीला टेकून बसायचीस, आतडी पिळल्यासारखी दुखतात म्हणायचीस. शेटनं सांगितलं होतं गूळ खा, धूर बाधत नाही, म्हणून डब्यात नेहमी गूळ असायचा. आणि सातव्या महिन्यात तुझं एक बाळ गेलं. मुलगा होता. मी दाराबाहेर बसले होते, आत बायका हळू बोलत होत्या, एकजण म्हणाली दृष्ट लागली. चार-आठ दिवसांनी तू पुन्हा पंखा फिरवायला बसलीस. इतकी वर्षं ते मी दृष्टीच्याच खात्यावर टाकलं होतं. आता माझी लेक सातव्यात जाणार होती, आणि बस उधन्याच्या पुलावर अडकून उभी होती.

तुला काही कळलं होतं का, हे मला त्या आठवड्यात फार छळत राहिलं. कारण एक दुपार मला स्पष्ट आठवते. भट्टीच्या कडेला थंड झाल्यावर पिवळे पापुद्रे सुटायचे, सोन्यासारखे. मी ते गोळा करून भातुकलीत हळद म्हणून वापरायची. त्या दिवशी मी ती हळद घेऊन चुलीपाशी आले, तुझ्या परातीच्या शेजारी मांडली, आणि थोडी तुझ्या मळलेल्या कणकेवर भुरभुरली, तू भाजीत टाकतेस तशी. तू पाठमोरी होतीस. वळलीस, पाहिलंस, आणि माझ्या थोबाडीत इतक्या जोरात मारलीस की माझ्या कानात शिट्टी वाजत राहिली. मग तू सगळी कणीक उचललीस आणि उकिरड्यावर टाकलीस. आपल्या घरात शिळी भाकरी कुस्करून खायची, तिथं भरली परात टाकलीस. मला मोरीत नेऊन माझे हात घासलेस, नखं घासलीस, राख लावून पुन्हा घासलीस, कातडी सोलेपर्यंत. त्यानंतर रोजचं तुझं तेच सुरू झालं. “हात धोईसन ये.” पाणी प्यायचं तर हात धुऊन, तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचं तर आधी हात धुऊन. भट्टी पेटली असताना मागे आले तर ओरडायचीस, “आठे कसाले उनी व?” आणि तरीही चांदीचा डोळा उघडायच्या वेळी स्वतःच हाक मारायचीस. म्हणजे तुला अर्धं कळलं होतं. कुणी सांगितलं असेल, किंवा तुझ्या पोटानंच तुला सांगितलं असेल. पण अर्धं कळून माणूस काय करतं ते मी आता करून पाहिलं आहे. मी तुझ्यापेक्षा शिकलेली, मोबाइलवर चार भाषांत वाचणारी, आणि मला सगळं कळूनही मी लेकीला फोन लावायला दोन दिवस लावले.

फोनवर बोललेच नाही शेवटी. डिंडोलीला गेले. तिच्या सासूबाई डोहाळजेवणाच्या तयारीत होत्या, हिरव्या बांगड्यांचा डबा उघडा पडला होता. मी लेकीला गच्चीवर चल म्हटलं, ती म्हणाली, तू जिना नको चढू, इथंच बोल. म्हणून आम्ही दारापाशी खुर्च्या टाकून बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. भट्टी, शिसं, माझं हाड, तिचं रक्त. फक्त सातव्या महिन्यातल्या बाळाचं सांगितलं नाही. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं रडेल, मला दोष देईल, तुला देईल. तिनं विचारलं, “आजीला पण असंच लंगडत चालायला लागायचं?” मी हो म्हटलं. “आणि तिला कुणी काही सांगितलं नाही?” मी म्हटलं, गूळ खा म्हणून सांगितलं. तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, “मम्मी, उद्या सकाळीच रक्त देऊन येऊ. तू सोबत येशील ना? मला एकटीला भीती वाटते.”

तिनं हे म्हटल्यावर माझ्यातलं काहीतरी सैल झालं. भीती माझी एकटीची राहिली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. ती नळी भरताना दुसरीकडे पाहत होती आणि माझं बोट घट्ट धरून होती, लस टोचताना लहानपणी धरायची तसं. रिपोर्ट यायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात मी शाळेत पाढे म्हणून घेताना मधलेच विसरले, मुलं हसली. स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. तुझे जावई हजीऱ्याच्या प्लांटमध्ये पाळीला जायच्या आधी माझ्याकडे पाहत उभे राहायचे आणि डबा घेऊन निघायचे. एकदा मात्र म्हणाले, तुझ्या आईनं तुला जवळ ठेवलं नसतं तर तू त्या फाटकावर रेल्वेखाली आली असतीस, हेही धर. मी ते धरायचा प्रयत्न केला. कधी धरता आलं, कधी नाही.

डोहाळजेवण ठरल्या दिवशीच झालं, रिपोर्ट यायच्या आधी. लेक हिरव्या साडीत पाटावर बसली होती, बायका गाणी म्हणत होत्या, अर्धी अहिराणी, अर्धी सिनेमातली. मी खुर्चीतून तिची ओटी भरली. वाकता येत नव्हतं म्हणून ती उठून माझ्याजवळ आली, तसं करायचं नसतं म्हणून कुणीतरी टोकलंही. तिच्या साडीला जरीचा रुंद काठ होता. माझं लक्ष सारखं तिकडेच जात होतं. पहिलीत घालताना तू माझ्या फ्रॉकच्या घेराला जरीचा काठ लावला होतास, आठवतं? जाळायला आलेल्या गठ्ठ्यातून शेटला विचारून बाजूला काढलेला. वर्गात कुणाच्याच फ्रॉकला तसा नव्हता. मुली हात लावून बघायच्या. ती एकच पट्टी तू भट्टीतून वाचवलीस आणि माझ्या अंगावर घातलीस, आणि बाकी सगळं जाळलेलं श्वासातून घेत राहिलीस. मला भरल्या घरात हुंदका आला. बायकांना वाटलं लेकीच्या मायेनं आला. तसाही होताच.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर मुलीनं स्वतः फोन केला. शिसं आहे, पण धोक्याच्या रेषेच्या बरंच खाली. शून्य तर कुणाचंच येत नाही, काकू. लेकीनं नाचणीची खीर खाऊन खाऊन तोंड वाकडं केलं पण चुकवली नाही. आषाढात मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची, मोठ्या आवाजाची. सगळे म्हणतात नाक तुझ्यावर गेलं आहे, म्हणजे तुला पाहिलेले जे दोघं-तिघं उरले आहेत ते म्हणतात. बाळाचंही रक्त तपासून झालं, तेही बरं आहे. आता सगळ्यांच्या लेखी हा विषय संपला.

माझ्या लेखी मात्र तो संपलेला नाही. बाळ हाकेला वळलं नाही की मी पुन्हा हाक मारते. मग ती वळते आणि मी श्वास सोडते. लेक म्हणते, मम्मी, तू तिला सारखी परीक्षेला बसवतेस. खरंच बसवते. तिनं मूठ कधी उघडली, नजर कधी धरली, कुशीवर कधी वळली, मला सगळं पाहायचं असतं. माझा दुसरा खुबाही अजून ठीक आहे असं डॉक्टर म्हणतात, तरी थंडीत जांघेत जरा कळ आली तरी मी थांबून वाट पाहते, खालीही उतरतेय का. तूही अशीच वाट पाहत राहिलीस का, कुणाला न सांगता? कळशी घेऊन येताना मध्येच थांबायचीस, ते दुखण्यासाठी थांबायचीस की मी मागून येतेय का ते पाहायला? मी मूल होते, मला वाटायचं माझ्यासाठीच थांबतेस.

रागाचं म्हणशील तर तो बराच उतरला आहे. बाळाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसते तेव्हा कळतं की मूल नजरेआड झालं की काय होतं. लेक आत आंघोळीला गेली तरी मी बाहेरच्या दाराला कडी लावते. मला विचारलं असतं, धूर की फाटक, तर मी काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. तुला तर कुणी विचारलंच नाही. तू एक निवडलंस आणि त्याच्या शेजारी बसून राहिलीस.

हे पत्र मी कुठे पाठवणार. घरातल्या पेटीत ठेवलं तर लेकीच्या हाती लागेल आणि ती सातव्या महिन्यातल्या त्या बाळाबद्दल विचारेल. तेव्हा सांगेनही, आता तिला पेलेल. पण एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी डॉक्टर मुलीनं विचारलं होतं, भट्टी कुठे होती? मी म्हटलं, शेटच्या वखारीत, घरापासून लांब. आई तिकडे कामाला जायची, मी फक्त कधीतरी डबा द्यायला जायची. ती चांगली मुलगी आहे, तिनं आमच्या खोलीला लागून, चुलीमागे असं ऐकलं असतं तरी ती काही बोलली नसती. पण तिच्या डोळ्यांत तुझ्याबद्दल काहीतरी आलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं. माझं हाड मी त्यांना देऊन टाकलं, तुला त्यांच्या हाती दिलं नाही. तिचा हिशेब आता कुठेतरी चुकत असणार. इतक्या थोड्या सहवासात इतकं शिसं कसं, असं तिनं मला एकदा विचारलंही. पुढच्या तपासणीला गेले की खरं सांगायचं, असं मी प्रत्येक वेळी ठरवून जाते. मग ती माझा पाय हलवून पाहते, दुखतं का विचारते, मी नाही म्हणते, आणि तेवढंच सांगून परत येते.